भू-माहितीची पाणपोई

९ जून १९६८, रविवार

आजपासून रोजनिशी. मागची रोजनिशी सात वर्षांपूर्वी जानेवारीतच बंद पडली, पण त्या वेळी लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. आता घडणार आहे. घडवणारा मीच आहे.

कल्पना काल अंघोळ करताना सुचली. पावसाचा आकडा एका कचेरीत एक, दुसरीत दुसरा, आणि दोन्ही कुलपात. कारकुनाला विचारलं तर म्हणतो, अर्ज करा. विहिरीचं पाणी किती खोल ते शेतकऱ्याला ठाऊक, तो सांगत नाही. डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला तेव्हापासून भोरात कपबशी वाजली तरी माणसं अंगणात पळतात, पण धक्क्यांची नोंद ठेवतं कोण? कोणी नाही.

तर सगळी माहिती एका ठिकाणी आणायची आणि उघड्यावर मांडायची. कुणीही आणून टाका, कुणीही घेऊन जा. पुण्याच्या शास्त्रज्ञाला फुकट, आंबवड्याच्या गुराख्यालाही फुकट. नाव ठरलं: भोर-वेल्हे भू-माहिती पाणपोई. संस्थापक आनंदराव, भूगोल शिक्षक, इयत्ता आठवी ब.

न्हाणीतूनच ओरडून लीलाला सांगितलं. ती म्हणाली, आधी बाहेर या, पाणी संपलंय.

१० जून, सोमवार

शाळा सुरू. आठवी ब ला मोसमी वारे शिकवले. वर्ग झोपला. हे आता फार दिवस चालायचं नाही. पुण्याचे साडू एका मोठ्या विज्ञानसंस्थेत टायपिस्ट आहेत (सांगताना ‘मी संस्थेत असतो’ एवढंच सांगतात). त्यांच्या संस्थेने पाणपोईला मान्यता दिली की मी मानद संशोधक. मग आठवी ब आणि मोसमी वारे दोघंही सुटतील.

१३ जून, गुरुवार

पर्जन्यमापकाचा प्रश्न सुटला. विकतचे महाग. पण उभ्या भिंतीचं कुठलंही भांडं उघड्यावर ठेवा, आत फूटपट्टी बुडवा, झालं. लीलाच्या फळीवर पाच पितळी डबे आहेत, एकसारखे, सरळ उभे. सायंटिफिकदृष्ट्या निर्दोष.

लीला नाही म्हणाली. डबे तिच्या आईने लग्नात दिलेले. प्रत्येकावर ‘चि. लीला हिस आईकडून’ असं कोरलंय. आई गेल्यापासून लीला त्या डब्यांना दुसऱ्या कुणाला हातसुद्धा लावू देत नाही. मी तासभर विज्ञानाचं महत्त्व सांगितलं. शेवटी ती म्हणाली, गौरीच्या फराळाला डबे फळीवर हवेत, पाचच्या पाच. नाहीतर मी गौरी उचलून बहिणीकडे पुण्याला जाईन.

बहीण म्हणजे साडूंचं घर. म्हणजे गौरीचं जेवण साडूंच्या पंगतीत, त्यांची भाषणं ऐकत. छे! शब्द दिला. गौरी ऑगस्टअखेर. तोवर मी मानद झालेला असेन.

१६ जून, रविवार

डबे वाटले. आंबवड्याला कोंडिबाकडे (भाजी घेऊन भोरच्या बाजाराला येतो, आकडा तोच आणेल). भाटघरला अक्काबाईकडे. कापूरहोळला सोनबाच्या हॉटेलात. वेल्ह्याला ठकुबाईकडे. पाचवा आमच्या परसात, भोर केंद्र.

प्रत्येकाला नीट समजावलं. डबा उघड्यावर ठेवायचा, सकाळी पट्टी बुडवून ओल कुठवर आली ते बघायचं, मग ओतून टाकायचं. वर हेही बजावलं की डबा माझ्या बायकोच्या माहेरचा आहे, जिवापाड जपा. कोंडिबा म्हणाला, मास्तर, तुमी काय बी घोर करू नगा, वैनींचा डबा म्हंजे आमच्या लेकीचा डबा. फुलाबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, डबा दोन्ही हातांनी घेतला आणि कोरलेलं नाव वाचून घेतलं. अशी निष्ठा शहरात मिळत नाही.

आकडे आणायला साहेबराव कंडक्टर. भोर-वेल्हे गाडीवर असतो. यंदाच्या बुद्धजयंतीच्या मिरवणुकीचं टाइमटेबल त्यानेच आखलं होतं आणि मिरवणूक वेळेवर निघाली, म्हणून निवड केली. तो म्हणाला, गुरुजी, गाडी थांबती तेवढ्यात खिडकीतनं आकडा सांगितला तर घीन, घंटी दिल्यावर न्हाई.

१७ जून, सोमवार

संकल्प: रोज पहाटे पाचला उठून भोर केंद्राचं रीडिंग.

१८ जून, मंगळवार

साडेसातला उठलो. रीडिंग खिडकीतून पाहून अंदाजे घेतलं. अनुभवी निरीक्षकाला तेवढं पुरतं.

२२ जून, शनिवार

एसटी स्टँडवर फळा लागला! कंट्रोलरने टाइमटेबलच्या शेजारची जागा दिली. वर माझ्या अक्षरात: ‘कुणीही टाका, कुणीही न्या’. खाली गावं आणि आकडे. आंबवडे ३. भाटघर २.५. कापूरहोळ २. वेल्हे ४.५.

दुपारी गर्दी पाहून डोळे भरून आले. वीस-पंचवीस माणसं फळ्यासमोर गाठोडी घेऊन बसलेली. विज्ञानाची एवढी भूक असेल असं वाटलं नव्हतं.

संध्याकाळी सगुणाबाई म्हणून एक म्हातारी घरी येऊन भांडून गेली. वेल्ह्याची गाडी साडेचारला लिहून ठिवली आन सहापतूर गाडीचा पत्त्या न्हाई, म्हणाली. तिला दशांश चिन्ह समजावलं. तिने माझ्या कुळाचा उद्धार केला. नव्या विचारांना विरोध होतोच.

‘कुणीही न्या’ वाचून कुणीतरी खडूची पेटी नेली.

२६ जून, बुधवार

भूकंपमापक सिद्ध. प्रयोगशाळेच्या तुळईला लोटी टांगली, बुडाला पेन्सिल बांधली, खाली कागद. जमीन हलली की रेघ हलणार. हेडमास्तरांनी विचारलं की हे काय. सांगितलं. ते मान हलवत निघून गेले. भारावले असावेत.

२९ जून, शनिवार

सनसनाटी! भोरात रोज भूकंप होतो. रोज मधल्या सुट्टीच्या सुरुवातीला एक धक्का आणि शाळा सुटताना त्याहून मोठा. आज शनिवार, अर्धी शाळा, तर मोठा धक्काही दुपारीच. निसर्ग इतका वक्तशीर आहे हे कुठल्याच पुस्तकात नाही. फळ्यावर लिहिलं. संध्याकाळी अर्धी पेठ बाहेर ओट्यांवर बसून होती.

४ जुलै, गुरुवार

काहीतरी विचित्र. काल दिवसभर मुसळधार होता. छत्री उलटी झाली, धोतर भिजलं, चपलेचा अंगठा तुटला. आणि आज साहेबरावाने आणलेले आकडे: कापूरहोळ शून्य. भाटघर शून्य. वेल्हे शून्य. वेल्हे! जिथे पावसाळ्यात माणसाच्या अंगावर शेवाळ धरतं!

साहेबरावाला खोदून विचारलं. म्हणाला, डबा कोरडा ठणठणीत आहे आसं ठकुबाईनं सोता सांगितलं. लई अभिमानानं सांगितलं, गुरुजी.

९ जुलै, मंगळवार

बाजारचा दिवस. तीन दिवस कडक ऊन, ढगाचा तुकडा नाही. कोंडिबा आंबवड्याचा आकडा घेऊन आला: चार बोटं. मी विचारलं, ऊन असताना? तो म्हणाला, व्हय, ऊन हाय म्हून तर. डबा कसा झ्याक दिसतोय, येऊन बघा एकदा, चिचंनं घासलाय.

शेतकरी माणूस मुद्द्यावर टिकत नाही. पण आकडा आकडा असतो. लिहून घेतला.

१४ जुलै, रविवार

दिवसभर सगळे आकडे समोर ठेवून बसलो. लीलाने दोनदा जेवायला हाक मारली, तिसऱ्यांदा मारली नाही.

संध्याकाळी डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चारही केंद्रांचं एकच म्हणणं आहे. पाऊस पडतो तेव्हा डब्यात पाणी नसतं, आणि ऊन पडतं तेव्हा असतं. एका गावात चूक होऊ शकते. चार गावांत, एकमेकांशी न बोलता, तीच चूक? अशक्य. अर्थ एकच. सह्याद्रीच्या या भागात दिसणारा पाऊस वेगळा आणि खरा पाऊस वेगळा! खरा पाऊस अदृश्य आहे आणि तो उन्हात पडतो.

नाव दिलं: आनंदरावांचा व्यस्त पर्जन्य नियम.

लीलाला उठवून सांगितलं. म्हणाली, मग वाळत घातलेले कपडे उन्हात वाळतात कसे? बायकांना थिअरी कळत नाही. तरी या प्रश्नावर पुढे कधीतरी विचार करीन.

१६ जुलै, मंगळवार

एक अडचण. आपलं भोर केंद्र नियमात बसत नाही. पाऊस पडला की डब्यात पाणी, नाही पडला की नाही. चार केंद्रं एका बाजूला आणि हा एकटा दुसऱ्या बाजूला. डबा सदोष असणार. भोरचे सगळे आकडे फळ्यावरून पुसले.

२१ जुलै, रविवार

साडू आले होते. नियम सांगितला. जेवताना त्यांना ठसका लागला, बराच वेळ गेला नाही. मग म्हणाले, आमच्या डॉक्टर खासनीसांना हे सांगतोच, त्यांना विनोद आवडतात. शेवटचा शब्द मी नीट ऐकला नाही असं धरून चालतो.

जाताना लीलाला म्हणाले, गौरीला याच पुण्याला, आम्ही वाट बघतो. लीला फळीकडे बघत राहिली. फळी रिकामी आहे हे मलाही दिसतं.

५ ऑगस्ट, सोमवार

डॉक्टर खासनीस येणार! शनिवारी, सतराला, खास मोटारीने. साडूंचा निरोप आला. मला रात्री झोप नाही.

संकल्प: १) नवा कोट. २) रोज पाचला उठणे. ३) इंग्रजीत भाषण पाठ करणे.

८ ऑगस्ट, गुरुवार

१) कोट जुनाच, उसवण शिवली. २) साडेसात. ३) ‘लेडीज अँड जेंटलमेन’ पर्यंत पाठ. लेडीज नसल्या तर काय म्हणायचं ते बघावं लागेल.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

उद्या. लीलाने शांतपणे विचारलं, डबे कधी? मी म्हटलं, उद्या डॉक्टर बघतील आणि हे डबे म्युझियममध्ये जातील. एवढा मोठा मान, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदाश्रू म्हणावेत तर चेहरा तसा नव्हता. आत जाऊन भांडी घासत बसली. घासलेलीच होती.

१७ ऑगस्ट, शनिवार

जसं घडलं तसं लिहितो. विज्ञानात प्रामाणिकपणा पाहिजे.

डॉक्टर सकाळी आले. उंच, अबोल, गॉगल. आधी भूकंपमापक दाखवला. म्हटलं, आता मधली सुट्टी होईल आणि बरोबर धक्का येईल. घंटा झाली. वरच्या मजल्यावरचे सगळे वर्ग जिन्यावरून खाली धावले, तुळई हादरली, लोटी नाचली, पेन्सिलीने सणसणीत रेघ मारली. मी विजयाने डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी वर छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि गॉगल पुसला.

मग मोटारीने आंबवड्याला. आकाश निरभ्र. कोंडिबाच्या अंगणात तुळशीपाशी डबा उन्हात असा चमकत होता की आठवी ब ची पोरं आरशाने मारतात तशी तिरीप डोळ्यांवर येत होती. आत चार बोटं पाणी! मी म्हटलं, बघा डॉक्टर, ऊन आणि पाऊस. डॉक्टर वाकले. फूटपट्टी बुडवली. प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावर शास्त्रीय कुतूहल दिसलं.

इतक्यात फुलाबाई कळशी घेऊन बाहेर आली. पावणे बघून पदर सावरला, डब्याकडे आली, आणि कळशीतलं आणखी पाणी डब्यात ओतलं. काठोकाठ.

मी विचारलं, हे काय चाललंय? ती म्हणाली, पावणं आलं आन वैनींचा डबा आर्धा, बरं दिसतं व्हय? परक्याच्या लेकीचं भांडं दारात रिकामं ठेवत्यात का मास्तर? म्या रोज सकाळी तुमी सांगितलं म्हून वततीया, आन लगीच फिरून भरतीया.

मी काही बोलणार तोच डोंगराकडून एक सर धावत आली. भर उन्हात, अचानक. फुलाबाईने कळशी टाकली, डब्यातलं पाणी भिरकावलं, डबा पदराखाली घेतला आणि घरात पळाली. आतून ओरडून म्हणाली, पावसात पितळ काळं पडतं, जपा म्हनला हुता न्हवं! आन तिकडं ठकुबाई, अक्काबाई, सोनबाची बायकू, समद्या आसंच करत्यात, बाजारात आमचं बोलणं झालंय!

डॉक्टर ओट्यावर बसले. आधी मला वाटलं की कळ आली. मग समजलं की हसतायत. गॉगल काढून हसले, पोट धरून हसले, कोंडिबाने पाणी दिलं ते पिताना हसले आणि पाणी सांडलं. शेवटी डोळे पुसून म्हणाले की, मास्तर, माहिती सगळ्यांसाठी उघडी ठेवायची तुमची कल्पना उत्तम आहे, खरंच उत्तम आहे, फक्त पावसात डबाही उघडा राहिला पाहिजे. परत जाताना मोटारीत मधूनमधून त्यांचे खांदे हलत होते.

भाषण राहून गेलं.

१८ ऑगस्ट, रविवार

निरीक्षण करणाऱ्यामुळे निरीक्षण बदलतं, हा एक मुद्दा मांडता येईल. सकाळभर मांडला. दुपारी कागद फाडला. वाईट वाटलं. साधं, सरळ, वाईट वाटलं. संध्याकाळी स्टँडवर जाऊन फळा पुसला. सगुणाबाई तिथेच होती. म्हणाली, बरं झालं, आता गाडी येळंवर यील.

२० ऑगस्ट, मंगळवार

निदान डबे. लीलाला तोंड दाखवायला निदान तेवढी जागा राहू दे. कोंडिबा बाजाराला आला, त्याच्याकडे डबा मागितला. म्हणाला, आत्ता न्हाई मास्तर, जरा कळ काढा. साहेबरावाबरोबर तिन्ही गावांना निरोप पाठवला. संध्याकाळी उत्तर आलं. आत्ता न्हाई. आत्ता न्हाई. बघू.

माझा संशय: डब्यांवर त्यांचा डोळा आहे. ‘कुणीही न्या’ मीच लिहिलं होतं.

२४ ऑगस्ट, शनिवार

स्वतः वेल्ह्याला गेलो. ठकुबाई डबा दाखवीनासुद्धा. आत ठिवलाय म्हणाली, आन तुमी घाई करू नगा, आसं डबं परत करत्यात का? चहा दिला आणि वाटेला लावलं. वर गाडीत साहेबरावाने तिकिटाचे पैसे घेतले. रोज आकडे आणत होता तेव्हा मी कधी त्याला चहा पाजला नाही, हे परतीच्या वाटेवर आठवलं. कापूरहोळला गाडी थांबली तेव्हा पाजला.

२७ ऑगस्ट, मंगळवार

गणपती बसले. फळीवर एकच डबा, सदोष भोर केंद्राचा. लीलाने पितळेची पेटी काढून गौरीचे मुखवटे कापडात गुंडाळले. उद्याच्या शेवटच्या गाडीने पुणे. मी म्हटलं, लीला, डबे मी आणीन. ती म्हणाली, डब्यांचं नाही हो, ते आईने दिलेले होते. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं.

२८ ऑगस्ट, बुधवार

लीलाची पिशवी दारात. मी छत्री घेऊन तिला पोचवायला स्टँडवर. पाऊस.

वेल्ह्याची गाडी लागली. साहेबराव मागच्या दाराने उतरला आणि टपावरच्या माणसाला म्हणाला, सांभाळून दे, गुरुजींचं हाय. एक डबा खाली आला. मग दुसरा. मग तिसरा. फडक्यात बांधलेले. कोंडिबा कुठूनसा पळत आला, डोक्यावर चौथा.

लीलाने तिथेच, भर स्टँडवर, फडकी सोडली. वेल्ह्याच्या डब्यात हातसडीचा आंबेमोहोर. वास स्टँडभर पसरला. भाटघरच्या डब्यात वरई. कापूरहोळचा सोनबाच्या हॉटेलच्या शेवेने गच्च. आंबवड्याच्या डब्यात गूळ, आणि वर फुलाबाईने खोवलेली हळदीची दोन पानं.

कोंडिबा म्हणाला, मास्तर, तुमी सारकं मागत हुता, पर रिकामा डबा वैनींच्या हातात कसा द्यायचा? तांदूळ सडायचा हुता ठकुबाईला, गूळ यायचा हुता आमाला. लेकीचं भांडं भरूनच जातं.

लीला आधी हसली. मग तिथेच, गूळ हातात धरून, रडली. आई डबा पाठवायची ना, म्हणाली, तो असाच भरून यायचा. मग पिशवी माझ्या हातात दिली आणि घराकडे चालू लागली. पुण्याची गाडी निघून गेली, तिच्याबरोबर साडूंची पंगतही.

३१ ऑगस्ट, शनिवार

काल गौरी आल्या, आज जेवण. फळीवर पाच डबे. सगळी गावं भरलेली, प्रत्येकावर कोरलेलं नाव तेच. तीन डबे सोमवारी फराळ भरून साहेबरावाबरोबर जाणार, चौथा मंगळवारी कोंडिबाबरोबर. लीलाने सांगितलं की रिकामे जाणार नाहीत, आणि मोजायला मला हातही लावायचा नाही.

रात्री पाऊस जोरात आला. नवा संकल्प सुचला: भोर केंद्र पुन्हा सुरू करावं, तेवढंच खरं होतं. पाचवा डबा काढायला गेलो. आत बेसनाचे लाडू.

आजची नोंद. पाऊस: भरपूर, मोजला नाही. भोर केंद्र, संध्याकाळचं रीडिंग: लाडू अकरा. झोपण्यापूर्वीचं रीडिंग: नऊ.

हा आकडा लीलाने स्वतः उठून पडताळून पाहिला. पाणपोईच्या इतिहासातला पहिलाच बरोबर निघाला.